टीव्ही जळलाच पाहिजे

चामटोलीत दिवस कलला की विजेचा जीव जायला लागायचा. पिठाची गिरणी सुरू झाली, नदीकडचे पंप लागले, की बल्बातली तार कंदिलाच्या वातीसारखी लाल दिसायची आणि पंखा दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा थांबत थांबत फिरायचा. भगवान रोकडे याच वेळेची वाट बघत जनाबाईच्या ओटीवर बसला होता. समोर नवाकोरा रंगीत टीव्ही. टीव्ही आणि भिंतीतला प्लग यांच्या मध्ये काही नव्हतं. नुसती वायर.

मध्ये काही नाही, हीच तर सगळी भानगड होती. कारण त्या मध्ये जे लागतं तेच भगवान बनवायचा. स्टॅबिलायझर. विजेचा दाब पडला की सावरून धरणारा, वाढला की दाबून धरणारा लोखंडी डबा. दाब हलला की आतून टक् असा आवाज यायचा आणि टीव्हीवरचं चित्र जागेवर यायचं. गावागावात लोक त्याला टकटक्या म्हणायचे. ब्याऐंशी साली रंगीत टीव्ही आले तेव्हा भगवानने आयटीआयच्या जोरावर मिळालेली सरकारी वर्कशॉपची नोकरी सोडली, अंबरनाथच्या एमआयडीसीत गाळा घेतला आणि टकटक्यांचं काम सुरू केलं. पुढे अशी वेळ आली की लग्नात जावयाला टीव्ही दिला आणि टकटक्या दिला नाही तर सासऱ्याची अब्रू जायची. भगवानच्या गाळ्यात वीस-बावीस बाया कॉइल गुंडाळायच्या. चामटोलीच्या, शिरगावच्या, काही अंबरनाथ पूर्वेच्या. बहुतेक सगळ्या आपल्याच, म्हणजे छपन्न साली ज्यांच्या आईबापांनी देव्हारे नदीत सोडले त्या घरांतल्या. त्या सगळ्यांची मुकादम जनाबाई. भगवानच्या आईची शेजारीण, म्हणून मालक असूनही तिच्यासाठी तो भगवानाच.

आणि आता ब्याण्णव साली एका बड्या कंपनीने जाहिरात केली होती की आमच्या टीव्हीला स्टॅबिलायझर लागत नाही.

भगवान ती जाहिरात वाचून दोन दिवस नीट जेवला नव्हता. थापा आहेत, म्हणाला. मुंबईतल्या एसीत बसून टीव्ही तपासणाऱ्यांनी एकदा चामटोलीला यावं, म्हणाला. मग उल्हासनगरात जाऊन त्याने तो टीव्ही विकतच आणला, रिक्षात मांडीवर घेऊन इथवर आणला, आणि आता तो त्या टीव्हीच्या मरणाची वाट बघत बसला होता. दुसऱ्याच्या मरणाची वाट बघणाऱ्याला जसं एका जागी बसवत नाही तसं त्याचं झालं होतं. उठायचा, अंगणात जायचा, बल्बकडे बघायचा, परत यायचा.

बल्ब लाल झाला. पंखा थांबला. शेजारच्या घरातला जुना टीव्ही दोन्ही बाजूंनी आटायला लागला, उन्हाळ्यात डबकं आटतं तसा, आणि मग बंदच पडला. त्या घरातली पोरंटोरं इकडे धावत आली.

इकडचं चित्र हललंसुद्धा नाही. बाई गात होती, तिच्या साडीचा हिरवा हिरवाच होता, लाल लालच.

ओटीवर गर्दी झाली. लोक खूश. कुणी म्हणालं, काय माल आहे. कुणी म्हणालं, आता अंधार पडू दे नाहीतर काय होऊ दे. त्या सगळ्या खुशीत दोनच तोंडं उतरलेली होती. भगवानचं, आणि कुडाला टेकून उभ्या असलेल्या जनाबाईचं.

"भगवाना," ती म्हणाली, "डबा नाय लावला काय रं?"

"नाही, मावशी."

"मंग ह्यो चालतो कसा?"

भगवान टीव्हीकडेच बघत होता.  दहा वर्षं तिने ज्या हातांनी कॉइल गुंडाळल्या ते हात तिने पदराखाली घेतले, थंडी वाजल्यासारखे. वैशाखाचे दिवस होते.

*

विष्णुपंत पोंक्ष्यांचं बोलावणं आलं ते पावसाळा संपता संपता. विष्णुपंत म्हणजे लघुउद्योजक मंडळाचे अध्यक्ष. त्यांचाही स्टॅबिलायझरचाच कारखाना, पण भगवानच्या पाचपट मोठा. मंडळाच्या सभागृहात व्यासपीठावर आठ खुर्च्या असायच्या. भगवान दहा वर्षं सभासद होता आणि दहा वर्षं तो मागच्या रांगेत पंख्याखाली बसायचा, कारण पुढे ये असं कुणी म्हटलं नव्हतं आणि न म्हणता पुढे जाणाऱ्यातला तो नव्हता. त्या दिवशी विष्णुपंतांनी स्वतःच्या हाताने त्याला चहाचा कप दिला. भगवान तेव्हाच समजला की आपल्याकडे काहीतरी मागणार. या माणसांच्या हातचा चहा फुकट नसतो.

विष्णुपंत बोलले ते मुद्द्याचं बोलले. सरकार गावोगावच्या समाजमंदिरांत रंगीत टीव्ही देणार आहे. त्यासाठी समिती नेमली आहे. समितीचे सचिव हेमचंद्र चौबळ इथे येऊन उद्योजकांचं म्हणणं ऐकणार आहेत. प्रत्येक टीव्हीबरोबर स्वतंत्र स्टॅबिलायझर घेतलाच पाहिजे अशी अट सरकारने घातली तर अंबरनाथचे सगळे गाळे निदान दोन वर्षं जगतात. नाही घातली तर दिवाळीनंतर कुलपं.

"पण त्या टीव्हीला लागत नाही," भगवान म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"मी लावून बघितलाय. चामटोलीत."

विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. आजारी कामगाराच्या घरी जेवणाचा डबा पाठवणारा होता. पण चांगल्या माणसांना वाईट काम करायचं असलं की ते आधी चष्मा पुसतात.

"मीही बघितलाय," ते म्हणाले. "म्हणून तर समितीपुढे प्रात्यक्षिक ठेवलंय. सेटची व्यवस्था मी केलीय, उल्हासनगरच्या केवलशेठकडून येईल. दाब खालीवर केला की धूर निघेल. टीव्ही जळलाच पाहिजे, रोकडे. नुसत्या भाषणांनी सरकार हलत नाही. आणि बटण तुम्ही फिरवायचं."

"मीच का?"

विष्णुपंतांनी खरं उत्तर दिलं, हा त्यांचा प्रामाणिकपणा म्हणायचा की निर्लज्जपणा ते ज्याचं त्याने ठरवावं. मी फिरवलं तर लोक म्हणतील पोंक्षे स्वतःचा कारखाना वाचवतोय. तुम्ही फिरवलंत तर वीस दलित बायांचं पोट दिसतं. त्याच्यावर बोट ठेवायची कुणाची छाती नाही.

भगवान तिथून निघाला आणि सरळ घरी गेला नाही. स्टेशनला गेला, पुलावर चढला, पलीकडे उतरला, परत चढला. ज्या जातीमुळे दहा वर्षं त्याला मागच्या रांगेत बसावं लागलं तीच जात आज व्यासपीठावर हवी होती. ढाल म्हणून. आणि गंमत अशी की ढाल व्हायला तो तयार नव्हता असंही नव्हतं.

*

केवलशेठचं दुकान उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत. या गावाने कुठली गोष्ट बनवली नाही असं नाही. सकाळी सांगा, संध्याकाळी विलायती. भगवान गेला तेव्हा केवलशेठ गल्ल्यावर बसून पापड मोडत होता. त्याने भगवानला आत नेलं आणि टेबलावरचा सेट दाखवला. बाहेरून तोच, बड्या कंपनीचा, तेच पट्टे, तीच अक्षरं. मागचं झाकण काढलं तर आत दहा वर्षांपूर्वीचं जुनाट पोट, त्यात एक पार्ट मुद्दाम कच्चा लावलेला.

"बाहर नया, अंदर बुड्ढा," केवलशेठ म्हणाला. "वोल्टेज चढाओ, ऐसा धुआँ निकलेगा की साहब खाँसते खाँसते बंबई जाएगा."

तो हसला. भगवानला हसू आलं नाही. त्याचं लक्ष दुकानाच्या फळ्यांकडे गेलं. याच फळ्यांवर त्याचे डबे छतापर्यंत रचलेले असायचे. आता तिथे केबलच्या काळ्या वायरींची भेंडोळी होती आणि कोपऱ्यात उलट्या छत्रीसारख्या मोठमोठ्या जाळ्या उभ्या होत्या. गच्चीवर लावून परदेशातली चॅनेलं पकडायच्या. डबे कुठे गेले, त्याने विचारलं. केवलशेठने दाराबाहेर बोट केलं. ताडपत्रीखाली.

मग भगवान चिडला. म्हणाला, शेठ, तुम्ही स्वतः धंदा बदलून मोकळे झालात आणि आम्हाला धूर काढायला लावताय. माझा माल बंद करणार ते मला एका शब्दाने सांगितलं नाहीत.

केवलशेठने पापडाची ताटली पुढे सरकवली. त्याला राग आला नव्हता. तो म्हणाला, पोंक्षे सेट मागतो, मी सेट देतो, दुकान आहे माझं, देऊळ नाही. मग जे बोलला ते भगवानच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

"देख भगवानभाई, मेरा बाप सिंध के शिकारपुर में तीन मंझिल का घर छोड़ के आया. इधर मिलिटरी के बैरक में टाट का परदा लगा के पाँच साल रहा. पर एक दिन भी उसने ये नहीं बोला की शिकारपुर वापस लाओ. जो गया वो गया, साईं. तुम लोग सरकार के पास जाके बोलते हो, गया हुआ वापस लाओ. कब तक लाएगा?"

"माझ्याकडे बायका आहेत वीस," भगवान म्हणाला. "तुमच्याकडे फळ्या आहेत. फळीवरचा माल बदलता येतो."

केवलशेठने पापडाची ताटली परत आपल्याकडे ओढली. 

*

पौर्णिमेला गाळ्यात काम सुरू करण्याआधी त्रिशरण-पंचशील व्हायचं. हा भगवानचाच नियम. शेजारचे कारखाने दसऱ्याला मशीनना हार घालायचे, नारळ फोडायचे. भगवान म्हणायचा, मशीनला हार घालून मशीन नीट चालत नाही, माणसाने नीट वागलं की चालतं. त्या पौर्णिमेला बाया ओळीने उभ्या राहिल्या, जनाबाई पुढे सांगत होती, बाकीच्या मागून म्हणत होत्या. खोटं बोलणार नाही हे चौथं शील आलं तेव्हा भगवानचे ओठ हलले, आवाज निघाला नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. टीव्हीला डबा लागत नाही, प्रात्यक्षिक खोटं आहे, बटण मी फिरवायचंय, आणि तुमच्या नावाने फिरवायचंय. त्याला वाटलं होतं बाया संतापतील. आमच्या पोटाचा तमाशा नको म्हणतील. तसं म्हणाल्या असत्या तर त्याचं काम सोपं झालं असतं. स्वतःला जे करायचं ते दुसऱ्याने सांगावं अशी वाट बघणारा माणूस मोठा धूर्त असतो, आणि भगवान त्या दिवशी तसाच होता.

जनाबाईने भाकरीचा तुकडा मोडला.

"बोल की खोटं," ती म्हणाली.

भगवान बघतच राहिला.

"मावशी, सकाळीच शील घेतलं आपण."

"शील मी घेते. आनि भाकर बी मीच थापते. सरकार आमच्याशी कवा खरं बोललंय रं? एक डाव आपन बोलू. माझ्या पोरीचं, शालनचं नर्सिंग पुरं व्हायला दोन वरसं हायत. दोन वरसं दे मला. मंग तुझं खरं बोल, छपरावर चढून बोल."

बाकीच्या हसल्या. कोपऱ्यातली अंजना, सगळ्यांत तरुण, हळूच म्हणाली की दोन वर्षांनी तरी काय करणार आपण. तिला कुणीतरी गप्प केलं. दोन वर्षांनंतरचं बघायला वेळ आहे म्हणाल्या.

भगवान तिला गप्प करणाऱ्यांत नव्हता, पण तिच्या बाजूनेही बोलला नाही. तो उठला आणि गाळ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. दोन वर्षं. विष्णुपंतांनाही दोनच वर्षं हवी होती. जो तो दोन वर्षं मागत होता, आणि त्या दोन वर्षांत काय करणार हे एकालाही सांगता येत नव्हतं. भगवानला माहीत होतं काय होईल. आपण डबे बनवत बसू, जे आता कुणाला नको आहेत. शाळा-समाजमंदिरात ते टीव्हीच्या बाजूला धूळ खात पडतील. आणि तोवर त्या नव्या टीव्हीच्या पोटात जे आहे ते बनवायला दुसरी कुणीतरी शिकलेली असतील, कुठल्यातरी तिसऱ्याच गावात.

पण हे सगळं खरं असलं तरी शालनचं नर्सिंगही खरंच होतं.

*

समिती आली. पुढे पांढरी गाडी, मागे जीप. सभागृहात लाल सतरंजी, व्यासपीठावर दोन टीव्ही. डावीकडचा विष्णुपंतांच्या स्टॅबिलायझरला जोडलेला, उजवीकडचा केवलशेठचा, उघडाबोडका. मध्ये डिमरस्टॅट, म्हणजे गोल मूठ फिरवून विजेचा दाब हवा तसा खालीवर करायचं यंत्र. भगवानने सकाळी स्वतःचाही टीव्ही रिक्षात घालून आणला होता आणि व्यासपीठामागच्या खोलीत ठेवला होता. का आणला ते त्याला विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. हात स्वस्थ नव्हते म्हणून आणला म्हणा.

भाषणं चालू असतानाच चौबळसाहेब उठून मागच्या खोलीत आले. तोंड धुवायचं निमित्त. पन्नाशीचा, उंच, थकलेला माणूस. त्यांनी भगवानच्या टीव्हीकडे बघितलं, मग भगवानकडे.

"रोकडे ना? हा सेट तुमचा?"

"हो साहेब."

"चांगला आहे. माझ्या घरी हाच आहे, पाच महिने झाले." त्यांनी रुमालाने हात पुसले. "बिनास्टॅबिलायझरचा."

 म्हणजे या माणसाला माहीत आहे. विष्णुपंतांना माहीत आहे, केवलशेठला माहीत आहे, गाळ्यातल्या बायांना माहीत आहे, आणि आता ज्याच्यासाठी हा धूर काढायचा त्यालाही माहीत आहे. मग फसवायचं कुणाला?

चौबळ समजावल्यासारखे बोलले. कारखाने वाचावेत असं वरच्यांनाही वाटतं, निवडणुका काही लांब नाहीत. पण फाइलवर काहीतरी आधार लागतो. माझ्यासमोर सेट जळाला असं मला लिहिता आलं पाहिजे. जाळणारा हात तुमचा असला की पुढे कुणी प्रश्न विचारत नाही. तुमच्या बाया वाचतात, पोंक्षे वाचतात, माझं टिपण वाचतं. यात कुणाचं नुकसान आहे?

"दोन वर्षांनी काय, साहेब?"

"दोन वर्षांनी मी या खात्यात नसेन."

हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की भगवानला राग यायलाही उशीर झाला. तरी त्याने धीर करून मनातलं बोलून घेतलं. डब्याची अट नका घालू. त्याच्याऐवजी अशी अट घाला की सरकार जे टीव्ही घेईल त्यांच्या पोटातला छोटा ट्रान्सफॉर्मर इथे गुंडाळलेला असावा. आमच्या बायांना कॉइल येते. शिकवायला माणूस द्या, सहा महिने द्या. दोन वर्षं नकोत.

चौबळांनी खरोखर विचार केला. मग मान हलवली. "कल्पना वाईट नाही. पण ही समिती स्टॅबिलायझरची आहे. तुम्ही म्हणता ते दुसऱ्या खात्यात येतं."

बाहेरून विष्णुपंतांचा आवाज आला. आता आपले उद्योजक बंधू श्री. भगवान रोकडे. टाळ्या पडल्या. दहा वर्षांत त्याच्यासाठी पडलेल्या पहिल्याच.

भगवानने स्वतःचा टीव्ही उचलला आणि तो घेऊनच व्यासपीठावर गेला.

आपण काय करतोय हे त्याला टीव्ही टेबलावर ठेवेपर्यंत माहीत नव्हतं. त्याने केवलशेठच्या सेटची पिन काढली, स्वतःच्या सेटची लावली, अँटेनाची वायरही फिरवली. विष्णुपंत खुर्चीतून अर्धे उठले. "रोकडे, तो नाही. तो दुसरा." भगवानने डिमरस्टॅटची मूठ धरली आणि खाली आणली. दाब दिसावा म्हणून सेटबरोबर जोडलेला दिवा विझत विझत गेला. टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम लागला होता, माणूस भाताच्या रोपांबद्दल बोलत होता, बोलतच राहिला. भगवानने मूठ वर नेली. दिवा पांढराफटक झाला, फट्कन फुटला. माणूस रोपांबद्दल बोलतच होता.

"जळंना की रं," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

"साहेब," भगवान म्हणाला, "हा जळत नाही. माझा डबा आता कुणाला लागत नाही. हे मला वैशाखापासून माहीत आहे. इथल्या सगळ्यांना माहीत आहे, तुम्हालाही. लिहायचं तर एवढं लिहा."

चौबळांनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता; रांगेत पुढे घुसलेल्या माणसाकडे कारकून बघतो तसा. मग समिती जेवायला गेली. श्रीखंड-पुरी होती.

भगवानला सभागृहाच्या दारात घेरलं. वर्षानुवर्षं ज्यांच्याबरोबर कच्चा माल वाटून घेतला तेच लोक. कमळाकर म्हणून एक होता, शेजारच्या गाळ्यातला, भगवानच्या मुलीच्या बारशाला आलेला. तो म्हणाला, तुझं काय जातं रे, तुला सवलतीत दुसरा गाळा मिळेल, मरायचं आम्ही. भगवानने दहा वर्षांत एकही सवलत घेतली नव्हती. हे कमळाकरलाही माहीत होतं. माहीत असलेलंच माणूस अशा वेळी विसरतो.

विष्णुपंत शेवटी आले. आवाज न चढवता म्हणाले, "तुमच्या लोकांचं भलं करायला गेलं की हे असं होतं."

"आमच्या लोकांचं भलं तुम्ही करत नव्हता, पंत," भगवान म्हणाला. "आमच्या लोकांना पुढे करत होता." आणि टीव्ही उचलून चालू लागला. रिक्षा मिळेना. अंबरनाथच्या उन्हात तो ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत गाळ्यापर्यंत चालत गेला.

*

दुसऱ्या दिवशी बाया आल्या, पण सगळ्या नाही. ज्या आल्या त्या त्याच्याकडे न बघता आपापल्या जागी गेल्या. यापुढे कच्चा माल वाटून देणार नाही असा विष्णुपंतांच्या कारखान्यातून सकाळीच निरोप आला होता. हातात होती ती शेवटची थोडी ऑर्डर, तीही खेड्यापाड्यांतल्या जुन्या टीव्हींसाठी.

भगवानने मधल्या टेबलावर आपला टीव्ही उघडून ठेवला होता. मागचं झाकण बाजूला, आतली सर्किटची पाटी बाहेर. रात्र त्याने कशीतरी काढली होती आणि आता त्याला थांबवत नव्हतं. त्याने पाटीवरून एक छोटासा ट्रान्सफॉर्मर सोडवला. लिंबाएवढा. डब्यातला ट्रान्सफॉर्मर नारळाएवढा असायचा, दोन हातांनी उचलायला लागायचा. भगवानने त्याची चिकटपट्टी उलगडली, तार मोकळी केली आणि बायांना बोलावलं.

तो भराभर बोलत होता. हे बघा, कॉइलच आहे. तीच गुंडाळी, तोच थर, वर तोच कागद. दुसरं काही नाही. आपल्याला येतं हे. पुण्याच्या एका कारखान्याला अशा लागतात, मी आज जातो, नमुना मागतो, नाही दिला तर दारात बसतो. बायांच्या तोंडाकडे न बघता तो बोलत राहिला, कारण तोंडाकडे बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं.

जनाबाईने तो लिंबाएवढा तुकडा हातात घेतला. तिने तो डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. उठून खिडकीपाशी गेली, उजेडात धरला, तिरका केला. परत जवळ नेला. तिच्या बोटांना तार लागत होती, पण तिच्या डोळ्यांना ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नव्हतं. डब्याची तार सुतळीएवढी होती. ही केसासारखी.

भगवान बोलायचा थांबला.

ती परत आली. तुकडा तिने अंजनाच्या तळहातावर ठेवला. अंजनाने बघितलं आणि लगेच नखाने तारेचं टोक उचललं. तिला दिसत होतं.

"भगवाना," जनाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "काल तू खोटं बोलला असतास तं दोन वरसं होती माझी. ती तू कुनाला देऊन आलास?"

काल त्याच्याकडे सगळ्यांसाठी उत्तर होतं. विष्णुपंतांसाठी, चौबळांसाठी, कमळाकरसाठीही होतं, फक्त दिलं नव्हतं. आज चष्मा घेऊ, मावशी, असं म्हणावंसं वाटलं. पण पंचावन्नाव्या वर्षी चष्म्याने केस मोजता येत नाहीत हे त्यालाही माहीत होतं, आणि खोटं बोलायचं नाही एवढं तरी त्याला पाळायचं होतं. नाहीतर कालचं सगळंच वाया.

जनाबाई आपल्या जागेवर जाऊन बसली. जुनं मशीन, जाडी तार, शेवटच्या ऑर्डरचं काम. तिने मूठ फिरवायला सुरुवात केली. बाकीच्या बाया उभ्याच होत्या, कुणाकडे बघावं ते न कळून.

मधल्या टेबलापाशी अंजना बसली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती तार एकेक वेढा सोडवून वेढे मोजायला लागली होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

जनाबाईने बराच वेळ तिकडे बघितलं नाही. मग तिचं मशीन थांबलं.

"मोठ्यानं मोज गं," ती तिथूनच खेकसली. "मनात मोजलं की चुकतं."

अंजना दचकली. सोडवलेली तार तिने परत गुंडाळली आणि पहिल्यापासून, मोठ्याने, मोजायला लागली.